संगणकीय सूचनाफलकाचा स्वागतपट व मेनू

(खात्याच्या प्रशिक्षण वर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या वर्गासमोर बोलण्याचे निमंत्रण आले तेव्हा विषय कोणता घ्यावा याचा मला फारसा विचार करावा लागला नाही. नागरिकांना माहिती देणाऱ्या पडद्यांचा मजकूर सिद्ध करण्याचे काम आपल्यापैकी अनेकांच्या वाट्यास लवकरच येणार आहे, असे संचालकांनी पत्रात लिहिले होते. पडद्यावरचे पहिले पान कसे असावे याविषयी मला जे थोडेबहुत कळले, ते एका आता जवळजवळ अस्तंगत झालेल्या साधनामुळे कळले. ते साधन म्हणजे दूरध्वनीवरून जोडला जाणारा संगणकीय सूचनाफलक. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यास सर्वत्र बीबीएस असे म्हणत. येथील तरुण मंडळींनी तो पाहिलेला असण्याचा संभव नाही; म्हणून प्रथम त्याची ओळख करून देतो.

१९७८ च्या जानेवारीत अमेरिकेतील शिकागो शहरात प्रचंड हिमवादळ झाले. घराबाहेर पडणे अशक्य झाले असता वॉर्ड ख्रिस्टेन्सन व रँडी सूस या दोन हौशी संगणकतज्ज्ञांनी आपल्या मंडळाच्या सभासदांसाठी एक योजना आखली. मंडळाच्या खोलीत बुचाच्या फलकावर टाचणीने चिठ्ठ्या लावण्याची पद्धत असते. तीच सोय संगणकावर करावी, सभासदांनी घरून दूरध्वनी करावा, चिठ्ठ्या वाचाव्यात आणि आपली चिठ्ठी लावून ठेवावी, अशी ती योजना होती. १६ फेब्रुवारी १९७८ रोजी हा फलक सुरू झाला आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये ‘बाइट’ मासिकात दोघांनी त्याची हकीकत लिहिली. दूरध्वनीची तार एकच, त्यामुळे एका वेळी एकच अभ्यागत. तो निघून जाईपर्यंत इतरांना व्यग्र असल्याचा ध्वनी ऐकू येई. पुढे हजारो घरांतून असे फलक निघाले, तरी त्यांतील बहुसंख्य फलकांची ही एकतारी स्थिती शेवटपर्यंत तशीच राहिली. आज मी जे सांगणार आहे त्याचे मूळ या स्थितीत आहे, म्हणून ती ध्यानात ठेवावी.

दुसरी गोष्ट वेगाची. संगणकाची अक्षरे तारेवरून धाडण्याचे काम मोडेम करतो. आरंभीचे मोडेम सेकंदास ३०० बिट पाठवीत. एका अक्षरास पुढची व मागची खूण धरून १० बिट लागतात. म्हणजे सेकंदास ३० अक्षरे झाली. पडद्यावर ८० अक्षरांच्या २५ ओळी, म्हणजे २,००० अक्षरे मावतात. हा पडदा काठोकाठ भरावयास ३०० च्या मोडेमला सुमारे ६७ सेकंद लागत, १२०० च्या मोडेमला १७, आणि २४०० च्या मोडेमला ८. मोठ्याने वाचणाऱ्याच्या थोडे पुढे धावावे इतक्याच गतीने ३०० च्या मोडेमवरील मजकूर उमटत असे. आपण आज पान ‘उघडतो’. तेव्हा पान उघडत नसे, ते डाव्या वरच्या कोपऱ्यापासून ओळीओळीने विणले जात असे.

या गतीच्या काळात स्वागतपट म्हणजे काय असावयाचे? फलकाचे नाव, चालकाचे नाव, चालू असण्याच्या वेळा आणि ‘आपले नाव सांगा’ ही विनंती. तेवढेच असे, आणि तेवढे पुरेसे होते. पुढे मात्र रंग आले.

मोडेममधून चित्र येत नसे, केवळ अक्षरे येत. मग रंग कोठून आला, असे आपण विचाराल. अमेरिकन मानक संस्थेने १९७९ साली एक संकेतमाला ठरविली होती. एस्केप नावाचे २७ क्रमांकाचे चिन्ह, त्यापुढे चौकोनी कंस, मग एकदोन आकडे आणि शेवटी एक रोमन अक्षर, असा तिचा साचा होता. आकडा २ व अक्षर जे आले की पडदा पुसला जाई. ३१ व एम आले की पुढील मजकूर लाल, ३२ ला हिरवा, ३४ ला निळा होई; १ ने तो उजळ होई, ५ ने लुकलुकू लागे आणि शून्याने सर्व पूर्ववत होई. १९८३ साली एमएस-डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीबरोबर हे संकेत ओळखणारी सोय घरगुती संगणकातही आली. आयबीएमच्या संगणकात १२८ च्या पुढील क्रमांकांना रेघा, कोपरे, जाळीदार छटा आणि भरीव ठोकळे यांची चिन्हे दिलेली होती. १७६, १७७ व १७८ या तीन छटा, आणि २१९ हा पूर्ण ठोकळा. रंगांचे संकेत आणि हे ठोकळे एकत्र आल्यावर पडद्यावर नक्षी काढता येऊ लागली. इयान डेव्हिस यांची ‘द ड्रॉ’ ही आज्ञावली तर एखाद्या रंगपेटीप्रमाणे फलकचालकांच्या घरोघरी होती. तिच्यात बाणांच्या कळांनी कर्सर हलवावा, कार्य-कळ दाबून ठोकळा उमटवावा आणि झालेले चित्र फाइल म्हणून साठवावे. चित्रास हालचाल देण्याचीही तिच्यात सोय होती. या शेवटच्या सोयीने माझे जे नुकसान केले, ते आता सांगतो.

१९९३ साली माझ्या घरी पणजीत मी एक लहानसा फलक सुरू केला. रात्री दहा ते सकाळी सहा घरचा दूरध्वनी मोडेमला जोडलेला असे. (या वेळेत फोन करणाऱ्या आमच्या मावशींना माणसाच्या आवाजाऐवजी मोडेमची किंकाळी ऐकावी लागे. त्यांनी ती बरीच वर्षे मला ऐकविली.) मोडेम २४०० चा होता, आज्ञावली ‘रिमोट ॲक्सेस’ नावाची होती. फलकावर पत्रांचे तीनचार कक्ष आणि उपयोगी आज्ञावलींचे एक भांडार एवढाच पसारा होता. येणारी मंडळी थोडी, बहुतेक गावातलीच. तथापि रात्री अकरानंतर एसटीडीचा दर पाव होत असल्यामुळे बाहेरगावचेही काही जण येत.

स्वागतपट देवनागरीत असावा असा माझा हट्ट होता. पुण्याच्या सी-डॅक संस्थेचे जिस्ट कार्ड बसविले की डॉसवर देवनागरी दिसे. परंतु ते कार्ड दोन्ही टोकांस हवे. माझ्या अभ्यागतांपैकी कोणाकडेही ते नव्हते. शिवाय भारतीय लिप्यांसाठी १९९१ साली मानक म्हणून मान्य झालेल्या आयएससीआयआय या संकेतमालेत देवनागरी वर्ण १६१ च्या पुढे मांडलेले, आणि आयबीएमच्या रेघा व ठोकळेही १७६ ते २२३ याच टापूत. कार्ड नसलेल्या संगणकावर देवनागरी मजकूर पाठविला तर तेथे कोपरे, दुहेरी रेघा आणि परकी अक्षरे यांची खिचडी उमटे. म्हणून मी निराळा मार्ग धरला. ठोकळेच एकमेकांशेजारी रचून अक्षरे काढावयाची. या कामी आपली शिरोरेघ फार उपकारक ठरते. २२० क्रमांकाचा अर्धा ठोकळा एका ओळीत रांगेने ठेवला की शिरोरेघ तयार. तिच्याखाली चार ओळींत अक्षराचे अंग बसते. मात्रा व वेलांटी यांना शिरोरेघेच्या वर दोन ओळी द्याव्या लागतात, आणि ‘स्वा’मधला अर्धा स पूर्ण स इतका रुंद झाला तर शब्द ओळीबाहेर जातो. ‘सुस्वागतम्’ हा एक शब्द जमविण्यात माझ्या तीन रात्री गेल्या. मग त्याच्या दोन्ही बाजूंस समया काढल्या आणि ‘द ड्रॉ’च्या हालत्या चित्राची सोय वापरून त्यांच्या ज्योती हलविल्या. ज्योत एकदा पिवळी, एकदा उजळ पांढरी, मग किंचित डावीकडे, मग उजवीकडे, अशी सुमारे वीस आवर्तने होती.

माझ्या पडद्यावर हे दृश्य अतिशय मोहक दिसे. घरच्यांना, शेजाऱ्यांना बोलावून मी ते दाखविले.

महिन्याभराने बेळगावच्या एका वयोवृद्ध प्राध्यापकांचे पत्र फलकावर आले. ते आठवड्यातून दोनदा येत, व्याकरणावरील चर्चेत भाग घेत. त्यांनी अत्यंत सौजन्याने लिहिले होते की समया सुंदर आहेत, मात्र त्यांतील तेल आपल्या खिशातून जाते. आणि पेन्शनरास ते फार दिवस पुरविता येणार नाही. त्यांच्याकडे कोणीतरी दिलेला १२०० चा जुना मोडेम होता.

मी हिशेब केला. चित्र साडेपाच हजार बाइट, ज्योतींची हालचाल सहा हजार. मिळून साडेअकरा हजार. १२०० च्या मोडेमवर सेकंदास १२० प्रमाणे ९६ सेकंद. एसटीडीवर दीड मिनिटाहून अधिक काळ हे गृहस्थ माझी समई पाहात बसत, आणि तीही दर वेळी. त्या वेळात त्यांची सगळी नवी पत्रे वाचून झाली असती.

हे मला आधी का दिसले नाही? कारण चालक आपला फलक स्वतःच्या कळफलकावरून पाहतो. तेथे मोडेम मध्ये येत नाही. साडेअकरा हजार बाइट निमिषार्धात पडद्यावर येतात, आणि ज्योतीची हालचाल तर इतकी जलद होते की ती थोडी सावकाश व्हावी म्हणून मी आवर्तने वाढविली होती! मी माझ्या घराचे दार आतून पाहात होतो. त्यानंतर मी एक नियम केला. नवा पडदा तयार झाला की एका मित्राच्या घरी जावयाचे, त्याच्या यंत्रावर १२०० चा वेग ठेवून आपल्याच फलकास फोन लावावयाचा आणि घड्याळ समोर ठेवून बसावयाचे. पावसाळ्यात हे अवश्य करावे. पेटीत पाणी शिरले की तारेत खरखर येई, आणि एखादा संकेत मध्येच तुटला म्हणजे ‘१;३१’ असे आकडे पडद्यावर सांडलेले दिसत व पुढील सर्व मजकूर भलत्याच रंगात उमटे. दर काही ओळींनी रंग पूर्ववत करणारा संकेत का घालावा, हे मला कोणत्याही पुस्तकाने नव्हे, त्या खरखरीने शिकविले.

सुधारलेल्या स्वागतपटात सात ओळी होत्या व सुमारे चारशे बाइट. १२०० वर तो साडेतीन सेकंदांत संपे. समया मी टाकून दिल्या नाहीत. मेनूत त्यांना एक कळ दिली. ज्याला पाहावयाच्या असतील त्याने ती दाबावी.

आता बारकाव्यांकडे वळतो.

पडद्यावर ८० स्तंभ आहेत म्हणून ८० व्या स्तंभात चिन्ह ठेवू नये. तेथे चिन्ह पडले की कर्सर आपोआप पुढच्या ओळीवर जातो, आणि त्यापाठोपाठ ओळ संपल्याची खूण आली की मध्ये एक रिकामी ओळ पडते. आपल्याकडे सुबक दिसणारी चौकट अभ्यागताकडे दात पडल्यासारखी दिसते. म्हणून ७९ च स्तंभ वापरावेत. तसेच अभ्यागताच्या जोडणी-आज्ञावलीने शेवटची ओळ बहुधा स्वतःसाठी, वेळ व वेग दाखविण्यासाठी राखलेली असते. तेव्हा चित्र २३ ओळींतच आवरावे.

रंग बदलण्यास काहीच खर्च नाही असा समज असतो. निळ्या पार्श्वभूमीवर उजळ पिवळे अक्षर हवे असेल तर एस्केपपासून एमपर्यंत दहा चिन्हे खर्ची पडतात; अक्षर एक आणि त्याचा पोशाख दहा! ‘अवतार’ या नावाची दुसरी एक संकेतमाला होती. तीत हेच काम तीन बाइटांत होई आणि एकच चिन्ह पुष्कळदा काढावयाचे असल्यास ‘हे चिन्ह इतके वेळा’ असे सांगता येई. परंतु ती समजणाऱ्या जोडणी-आज्ञावली थोड्या. चांगला उपाय असा की एका ओळीत एकच रंग ठेवावा व तो ओळीच्या आरंभी एकदाच सांगावा. लुकलुक तर एकाच गोष्टीसाठी राखावी. आपल्या नावाचे पत्र आलेले आहे, एवढे सांगण्यापुरती ती योग्य आहे. फलकाचे नाव लुकलुकण्याचे काहीही कारण नाही.

प्रत्येक पडद्याच्या दोन प्रती कराव्यात, एक रंगीत व एक साधी. बहुतेक आज्ञावली दोहोंची नावे एकच ठेवून केवळ शेवटची तीन अक्षरे निराळी ठेवण्यास सांगत, आणि अभ्यागताच्या यंत्रास रंग कळतात की नाही हे त्यालाच विचारून, किंवा कर्सर कोठे आहे असा प्रश्न त्याच्या यंत्रास गुपचूप पाठवून, ठरवीत. साधी प्रत करताना नुसते रंग काढून चालत नाही. ठोकळेही काढावे लागतात, कारण मॅकिंटॉश किंवा कमोडोर वापरणाऱ्याच्या यंत्रात त्या क्रमांकांची चिन्हे वेगळीच असतात. माझ्या साध्या प्रतीत रोमन लिपीतला ‘नमस्कार’ होता. तो सर्वांकडे सारखाच दिसे.

अभ्यागताचे नाव पडद्यात घालण्याची सोय सर्व आज्ञावलींत होती. ‘पीसीबोर्ड’मध्ये ॲट या चिन्हांच्या जोडीत विशिष्ट शब्द लिहिला की त्या जागी नाव येई, माझ्याकडे कंट्रोल-एफ व त्यापुढे एक अक्षर अशी खूण होती. ही सोय करणाऱ्यांच्या मनात अमेरिकन रिवाज होता. ते पहिल्या नावाने हाक मारतात. मीही प्रथम तसेच केले, आणि साठी उलटलेल्या प्राध्यापकांना माझे यंत्र दर खेपेस एकेरी नावाने ‘ये’ म्हणू लागले. ‘राव’ जोडावे तर भगिनींचे काय? यंत्रास ते कळत नाही. शेवटी पूर्ण नाव आणि त्यापुढे ‘यांस नमस्कार’ असे केले. ते पुरुषास व स्त्रीस, लहानास व थोरास सारखेच चालते. त्यात आणखी एक अडचण निघाली. नाव, वडिलांचे नाव व आडनाव मिळून कोणाचे बारा अक्षरांत संपते तर कोणाचे तिसाच्या पलीकडे जाते, आणि मग चौकटीची उजवी बाजू बाहेर ढकलली जाते. नावाच्या ओळीस उजवी चौकट देऊच नये, हे बरे.

स्वागतानंतर बातम्यांचा पडदा येई. येथे ‘पीसीबोर्ड’ची पद्धत मला आदर्श वाटते. बातमीची फाइल अभ्यागताच्या मागील भेटीनंतर बदललेली असेल तरच ती दाखवावी, एरवी गप्प राहावे. काल वाचलेली सूचना आज पुन्हा वाचावयास लावणे यासारखा वेळेचा अपव्यय नाही. तसेच कोणताही पडदा चालू असता एखादी कळ दाबून तो थांबविण्याची मुभा असावी. काही चालक ती जाणूनबुजून बंद ठेवीत, आपली कला सर्वांनी पाहावी म्हणून. त्याविषयी मी अधिक बोलत नाही, कारण समयांच्या काळात मीही ती बंद ठेवली होती.

आता मेनू. माझ्या मते फलकाचे खरे कौशल्य येथे आहे. स्वागतपट एकदा दिसतो. मेनू एका भेटीत दहा वेळा दिसतो.

मेनू दोन प्रकारे करता येई. आज्ञावलीने स्वतः ओळीओळीने मांडलेला, किंवा आपण ‘द ड्रॉ’मध्ये रंगविलेला. पहिल्या प्रकारात अभ्यागतास जे विभाग खुले नाहीत त्यांच्या ओळी आज्ञावली आपोआप गाळते. दुसरा देखणा असतो. परंतु चित्रातला दरवाजा सर्वांना सारखाच दिसतो, आणि नव्या माणसाने तो ठोठावला की ‘आपणास परवानगी नाही’ असे उत्तर येते. भिंतीवर रंगविलेला दरवाजा दाखवून पाहुण्यास त्यावर आपटू देण्यासारखेच ते आहे. चित्र हवेच असेल तर प्रत्येक श्रेणीसाठी निराळे करावे, आणि एक विभाग वाढला की सगळी चित्रे पुन्हा काढण्याची तयारी ठेवावी.

मी मेनूच्या कळा मराठी शब्दांवरून ठरविल्या. इंग्रजी फलकांवर मेसेजला एम, फाइलला एफ, गुडबायला जी असे रूढ होते. मी संदेशांसाठी ‘निरोप’ हा शब्द घेतला, त्याची कळ एन. जाण्यासाठीही मला ‘निरोप’ हाच शब्द सुचला, कारण आपण जाताना निरोपच घेतो! एकाच पडद्यावर दोन निरोप झाले. एकास दुसरे अक्षर दिले तरी गोंधळ मिटेना. पत्र वाचू पाहणारा फलकाबाहेर फेकला जाई आणि त्यास पुन्हा फोन लावावा लागे, तोवर तार दुसऱ्याने घेतलेली असे. शेवटी संदेशांना ‘पत्रे’ व जाण्यास ‘रजा’ केले. फाइलींना मी कार्यालयीन वळणाने ‘संचिका’ म्हटले होते. त्याची कळ एस, ‘सूचना’ची कळही एस. शिवाय ‘संचिका’ वाचून एका शेतकी अधिकाऱ्यास येथे शासकीय फाइली पाहावयास मिळतात असे वाटले व त्यांनी तशी विनंतीही केली. मग ‘फाइल’ हाच शब्द ठेवला. शुद्ध शब्दाचा आग्रह मी सोडला नाही. परंतु जो शब्द वाचून माणसाचे बोट अडखळते तो शब्द मेनूत नको, असे माझे मत झाले.

ओळींचा क्रम मी प्रथम माझ्या सोयीने लावला होता. सर्वांत वर ‘फलकाविषयी माहिती’, मग ‘चालकाचे मनोगत’, मग नियम, मग सूचना, आणि पत्रे सहाव्या ओळीत. कोणत्या अभ्यागताने कोणती कळ दाबली याची नोंद यंत्र रोज ठेवीत असे. ती नोंद मी एक दिवस वाचावयास घेतली. चालकाचे मनोगत माझ्याखेरीज कोणीही वाचलेले नव्हते. जवळजवळ प्रत्येक जण आल्याबरोबर आपली पत्रे पाही, उत्तर लिही व जाई. तेव्हा पत्रे पहिल्या ओळीत आली, रजा शेवटच्या ओळीत व प्रत्येक मेनूत त्याच कळेवर, आणि मनोगत काढून टाकले. कळ एकदा ठरली की ती बदलू नये. नित्य येणारा अभ्यागत मेनू वाचत नाही, त्याचे बोट तो वाचते. अशा मंडळींसाठी मेनू न दाखविता केवळ प्रश्नचिन्ह दाखविण्याची सोय असे. तिला जाणकार-पद्धत म्हणत. तिच्यामुळे प्राध्यापकांची भेट आणखी आखूड झाली, आणि ते आठवड्यातून दोनदाऐवजी चारदा येऊ लागले.

सुंदर पडद्यांचा मी विरोधक आहे असा आपला ग्रह होऊ नये. १९९० साली ‘ॲसिड’ व त्यानंतरच्या वर्षी ‘आइस’ नावाचे तरुण चित्रकारांचे गट निघाले. फलकांसाठी ते ठोकळ्यांची चित्रे काढीत व त्यांचे संच प्रसिद्ध करीत. सोळा रंग आणि तीन छटा यांतून त्यांनी मानवी चेहऱ्यावरील प्रकाश साधला आहे. तथापि ही कला बहरली तेव्हा १४,४०० चे मोडेम आलेले होते. साडेअकरा हजार बाइट त्यावर आठ सेकंदांत जातात. माझ्या समया दहा वर्षे उशिरा नव्हे, दोनच वर्षे लवकर आणि चुकीच्या तारेवर पेटल्या, एवढेच.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली आणि हळूहळू फलकांवरची वर्दळ ओसरली. माझा फलक १९९६ च्या पावसाळ्यात बंद झाला. आज काही हौशी मंडळी जुन्या पद्धतीचे फलक इंटरनेटवरून चालवितात, आणि त्या काळातील हजारो पडदे संग्रहित झाले आहेत. युनिकोडमध्ये देवनागरी वर्ण व ते जुने ठोकळे यांना आता स्वतंत्र क्रमांक आहेत. एकाच पडद्यावर दोन्ही सुखाने नांदतात.

माझा जुना संगणक व तो १२०० चा वेग दाखविण्याची सोय मी बरोबर आणली आहे. प्रथम समयांचा पट दाखवितो, नंतर सात ओळींचा. पुढच्या रांगेतील कोणी तरी कृपया घड्याळाकडे पाहावे, आणि दिवे थोडे मंद करावेत.